चौकटीतला नायक : कर्मठ समाजातलं पात्र खेळायला घेतलं तर?

गेल्या व्याख्यानात आपण कांटच्या कर्तव्यविचाराबद्दल बोललो होतो. ते संपल्यावर एका तरुण श्रोत्यानं विचारलं, "मॅडम, एखाद्या गेममध्ये मी असं पात्र घेतलं, की ज्याच्या समाजानं त्याचं आयुष्य आधीच आखून ठेवलंय, काम कोणतं करायचं, लढायचं कोणाशी, वाकायचं कोणापुढे, सगळं ठरलेलं, तर मला खेळायला उरतं काय?" वेळ संपली होती, म्हणून तो प्रश्न मी आजच्यासाठी राखून ठेवला. प्रश्न गेमचा आहे, पण त्याच्या पोटात एक जुना प्रश्न आहे. नियमांनी बांधलेल्या माणसाला स्वतःचं असं काही कर्तृत्व असतं का? की तो नुसता सांगितलं तसं करणारा?

आधी माझी तयारी सांगते. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. गेमचा कंट्रोलर माझ्या हातात नीट बसत नाही, बोटं तेवढी चपळ राहिलेली नाहीत. माझा भाचा खेळतो आणि मी शेजारी बसून बघते. मध्येच "थांब, तो तिसरा पर्याय काय होता, परत दाखव" असं म्हणते, त्यामुळे त्याला वेळ दुप्पट लागतो. पण पर्याय वाचत वाचत गेम बघणं ही तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला चांगली शिकवणी आहे, असं माझं मत झालंय.

आता विषयाकडे येऊ. रोल-प्लेइंग गेम म्हणजे भूमिका घेऊन खेळायचा खेळ. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ काढला. टेबलाभोवती बसायचं, कागद आणि फासे घ्यायचे आणि एकेकानं एकेक पात्र व्हायचं. पुढच्याच वर्षी त्यात 'पॅलडिन' नावाचं पात्र आलं. पॅलडिन म्हणजे व्रतस्थ योद्धा. त्याला विशेष शक्ती मिळते, पण सुरुवातीच्या नियमांनुसार त्यानं आपलं व्रत मोडलं की ती कायमची जात असे. म्हणजे आपल्या श्रोत्याचा प्रश्न जवळजवळ या खेळाइतकाच जुना आहे. पॅलडिन टेबलावर बसला की बाकीचे कुरकुरतात. चोरी करू देत नाही, खोटं बोलू देत नाही, सगळ्यांची मजा घालवतो! आणि पॅलडिन घेणारा म्हणतो, अरे, मजा तर इथेच आहे.

यातलं खरं कोणाचं? माझा कल पॅलडिनवाल्याकडे आहे, आणि तो का, हे मी आज सांगणार आहे. पण त्याचं म्हणणं खरं ठरायला काही अटी आहेत. त्या अटी पाळल्या नाहीत तर कुरकुरणारेच खरे ठरतात.

पहिली गोष्ट. स्वातंत्र्य म्हणजे वाटेल ते करण्याची मुभा, असं आपण पटकन धरून चालतो. बुद्धिबळाचा विचार करा. उंट तिरकाच जातो. त्याला सरळ जायची परवानगी दिली तर तुमचं स्वातंत्र्य वाढेल का? नाही, डाव संपेल. बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञानं १९७८ साली 'द ग्रासहॉपर' या पुस्तकात खेळाची व्याख्या केली. तिचा मतितार्थ असा, की अनावश्यक अडथळे आपण होऊन स्वीकारायचे आणि ते ओलांडायचा प्रयत्न करायचा, म्हणजे खेळ. म्हणजे बंधन ही खेळावर बाहेरून आलेली आपत्ती नाही. बंधनाशिवाय खेळ सुरूच होत नाही.

आणि भूमिकेचं तर हे आपल्याला कोकणातल्या दशावतारानं केव्हाच शिकवलंय. तुमच्यापैकी सिंधुदुर्गातले किंवा गोव्यातले जे असतील त्यांना हे ठाऊक आहे. दशावतारात नटाच्या हातात लिहिलेली संहिता नसते. रंगपटात कथानक ठरतं, कोणी कोणतं पात्र करायचं ते ठरतं आणि मग संवाद ज्यानं त्यानं रंगमंचावर उभे करायचे. रावणाला रावणच राहायचंय. तो मध्येच उठून साधू होणार नाही. पण रावण आज काय बोलेल, समोरच्याचा मुद्दा कसा उडवेल, हे नटाचं. पात्राचा स्वभाव जितका पक्का, तितकं नटाला सुचतं. पात्रच सैल असेल तर नट चाचपडतो. भाच्याच्या गेममध्ये मला हेच दिसतं. ज्या नायकाला ना गाव, ना गोत, ना कशाची चाड, त्याच्यासाठी पडद्यावर चार पर्याय आले तर खेळाडू काय बघतो? कशात फायदा जास्त, ते बघतो. तिथे भूमिका नाही, हिशेब आहे.

दुसरी गोष्ट. नियम एकटा असला की नुसती आज्ञा असते. दोन नियम समोरासमोर आले की माणूस दिसायला लागतो. १९८५ साली रिचर्ड गॅरियट यांचा 'अल्टिमा ४' हा संगणकावरचा गेम आला. त्यात राक्षसाला मारून जग वाचवायचं नव्हतं. आठ सद्गुण अंगी बाणवायचे, हे ध्येय होतं: सचोटी, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, प्रतिष्ठा, अध्यात्म आणि नम्रता. खेळाच्या सुरुवातीला एक भविष्य सांगणारी बाई तुम्हाला प्रश्न विचारते, आणि प्रत्येक प्रश्नात दोन सद्गुण एकमेकांसमोर उभे केलेले असतात. सचोटी राखायची की करुणा? न्याय की त्याग? वाईट उत्तर त्यात नसतंच. तुमच्या उत्तरांवरून तुमचं पात्र ठरतं. पुढे एक अंध बाई औषधी द्रव्यं विकते. तिला पैसे कमी दिले तर तिला दिसत नाही. गेम मात्र मनातल्या मनात नोंद ठेवतो. बघा, नियम किती कडक! आणि तरी प्रत्येक क्षणी करणारे तुम्हीच. हेगेलनं सोफोक्लीसच्या 'अँटिगनी'बद्दल हाच विचार मांडला होता. खरी शोकांतिका चांगलं आणि वाईट यांच्या झगड्यात नसते, दोन रास्त गोष्टींच्या झगड्यात असते. जिला कशाचंच बंधन नाही अशा अँटिगनीवर नाटक होणार नाही.

इथवर मी व्रताबद्दल बोलले. व्रत माणूस स्वतः घेतो. संस्कृती मात्र जन्मानं मिळते, आणि प्रश्न अवघड होतो तो इथे. म्हणून आता एक उदाहरण जरा सविस्तर घेते. कॅनडातल्या बायोवेअर कंपनीची 'ड्रॅगन एज' ही गेममालिका. पहिला भाग 'ओरिजिन्स', २००९ सालचा.

या मालिकेत कुनारी नावाचे लोक आहेत. 'कुन' हा त्यांचा धर्म म्हणा, कायदा म्हणा, जीवनपद्धती म्हणा, तिन्ही एकच. त्यांच्यात आईबाप आणि मुलं असं कुटुंब नसतं. मुलांना वाढवणाऱ्या बायका प्रत्येक मुलाचा कल पाहून त्याचं काम ठरवतात, आणि ते काम हीच त्याची ओळख. आपण ज्याला नाव म्हणतो ते त्यांच्याकडे हुद्द्याचं असतं. 'ओरिजिन्स'मध्ये स्टेन नावाचा कुनारी योद्धा भेटतो. 'स्टेन' हाही हुद्दाच. तो भेटतो तेव्हा पिंजऱ्यात असतो. त्याच्या तुकडीवर हल्ला झाला, तो जखमी होऊन पडला, एका शेतकरी कुटुंबानं त्याला वाचवलं. शुद्धीवर आला तर तलवार जवळ नाही. कुनारी योद्ध्याची तलवार म्हणजे त्याचा आत्मा. ती हरवून परत गेला तर स्वतःचेच लोक त्याला मारतील. त्या क्षणी त्याचं भान सुटलं आणि त्यानं ते कुटुंब मारून टाकलं. आता तो शिक्षा मान्य करून पिंजऱ्यात उभा आहे. सुटकेसाठी गयावया नाही, सबब नाही.

पहिल्या नजरेत हा माणूस म्हणजे नियमांचा ठोकळा. बायका लढत नाहीत, हे त्याच्या डोक्यात इतकं पक्कं, की नायिका म्हणून एखादी लढवय्यी बाई खेळत असाल तर तिच्याशी तो वादच घालतो. लढते आहेस तर बाई कशी, आणि बाई आहेस तर लढतेस कशी? पण हळूहळू बाकीचं दिसायला लागतं. त्याला चित्रं आवडतात, खाऊ आवडतो. आणि एका टप्प्यावर, मुख्य संकट सोडून तुम्ही भलतीकडे निघालात असं त्याला वाटलं, तर तो तुम्हालाच आव्हान देतो. बाजूला हो, नेतृत्व मी करतो. आज्ञाधारक माणूस आज्ञा देणाऱ्याला अडवतो! कारण त्याची निष्ठा तुमच्यावर नाही, कामावर आहे. हा नियमाचा अर्थ त्यानं लावलेला आहे, आणि अर्थ लावणं हे कर्तृत्वच.

मालिकेच्या दुसऱ्या भागात, २०११ साली, केटोजान हा कुनारी जादूगार येतो. कुनारी जादूगारांना साखळदंडात ठेवतात, त्यांचे ओठ शिवतात, त्यांच्यावर एक रखवालदार नेमतात. कारण जादूगाराच्या मनात पिशाच्च शिरू शकतं अशी त्यांची धारणा आहे, आणि त्या जगात ती खोटीही नाही. नायक त्याची सुटका करतो. आता खेळाडूला वाटतं, याच्या आयुष्यात पहाट झाली. आणि केटोजान काय करतो? रखवालदाराविना आपण शुद्ध आहोत याची खात्री कोण देणार, म्हणून कुनप्रमाणे स्वतःला जाळून घेतो. खेळाडू समजावून पाहतो, उपयोग होत नाही. माझा भाचा त्या दिवशी गेम बंद करून उठला. म्हणाला, "आत्ती, याला काय अर्थ आहे?" मी म्हटलं, त्याच्या लेखी आहे, तुझ्या लेखी नाही. त्याला ते मुळीच पटलं नाही, आणि मला स्वतःलाही त्यातली भीषणता दिसत होती. पण एवढं नक्की, की केटोजाननं निर्णय घेतला. तो आपल्याला असह्य वाटतो म्हणून तो निर्णयच नव्हता, असं म्हणता येणार नाही.

आता माझा मुख्य मुद्दा. ही सगळी पात्रं आपण बाहेरून बघतो. स्टेन सोबती आहे, केटोजान वाटेत भेटणारा. २०१४ सालच्या 'इन्क्विझिशन' या तिसऱ्या भागात खेळाडूला कुनारी होता येतं, पण कसला कुनारी? ज्याच्या आईबापांनी कुन सोडलेला आहे असा. शिंगं आहेत, उंची आहे, संस्कार मात्र नाहीत. म्हणजे सोंगाचा मुखवटा दिला आणि भूमिका काढून घेतली!

त्याच भागात आयर्न बुल नावाचा कुनारी सोबती आहे. तो कुनचा हेर आहे आणि हे तो उघड सांगून येतो. त्याची एक भाडोत्री सैनिकांची तुकडी आहे, वर्षानुवर्षं जपलेली, जिवाभावाची माणसं. एका प्रसंगी ही तुकडी टेकडी लढवत असते आणि समुद्रात कुनारींची युद्धनौका असते. तुकडीला माघारी बोलावलं तर नौका बुडते, नाही बोलावलं तर तुकडी मरते. कुन की मित्र? काय प्रसंग आहे! आणि निर्णय कोण घेतं? बुल वळून आपल्याकडे बघतो आणि निर्णय खेळाडू घेतो, जो कुनारी संस्कारांत वाढलेलाच नाही. ज्याचं आयुष्य दोन्हीकडून फाटणार आहे तो नुसता उभा. पुढे परिणाम भोगतो तोच. तुकडी वाचवली तर तो स्वजनांत परका होतो, नौका वाचवली तर पुढच्या एका कथाभागात कुनचा हुकूम आल्यावर तो आपल्यावरच उलटतो.

मला हे फार बोलकं वाटतं. कर्मठ समाजातल्या माणसाच्या वतीनं बाहेरच्या सुजाण माणसानं निर्णय घ्यायचा, ही सवय गेमपुरती नाही. वर्गात मी ती पाहिलेली आहे. घरची रीत पाळणारी एखादी मुलगी असायची. बाकीची मुलं म्हणायची, हिला स्वतःचं मतच नाही. मग कोणीतरी तिच्या वतीनं बोलायला उभं राहायचं, तिच्या बाजूनंच. तिला मात्र कोणी विचारायचं नाही, की बाई गं, तू यातलं काय धरून ठेवते आहेस, काय सोडते आहेस आणि का? आणि विचारलं की कळायचं, ती रोज निवड करत होती. उपास ठेवत होती आणि लग्नाचा विषय तीन वर्षं टोलवत होती.

म्हणून माझी पहिली अट अशी: किंमत जो मोजणार, निर्णय त्याच्या हातात द्या. आणि किंमत मोजणारा म्हणून खेळाडूला बसवा.

हे जमतं का? जमतं, आणि गंमत म्हणजे त्याच 'ओरिजिन्स'मध्ये जमलेलं आहे. त्या गेमला सहा वेगवेगळ्या सुरुवाती आहेत. त्यातल्या दोन ओर्झामार या भूमिगत शहरातल्या. तिथे बुटके लोक राहतात आणि त्यांच्यात जाती आहेत. हो, जातीच. सरदार, योद्धे, लोहार, कारागीर, व्यापारी, खाणकामगार, नोकर, आणि सगळ्यांच्या खाली जातिबाह्य. जातिबाह्यांच्या चेहऱ्यावर जन्मतः खूण गोंदलेली असते. ते वेगळ्या वस्तीत राहतात. मुलाला बापाची जात, मुलीला आईची. जो वर जमिनीवर जाईल त्याची जात जाते.

एका सुरुवातीत तुम्ही राजाचं अपत्य असता, दुसरीत जातिबाह्य. जातिबाह्य पात्र एका गुंडासाठी काम करतं. परिस्थिती अशी येते, की योद्ध्यांच्या स्पर्धेत एका झिंगलेल्या योद्ध्याचं चिलखत घालून त्याच्या नावानं उतरावं लागतं. तुम्ही जिंकता. चेहरा उघडा पडतो. आणि ज्या विजयावर आत्ता टाळ्या पडल्या, तोच आता गुन्हा ठरतो. हरलेल्यापेक्षा जिंकलेल्याला शिक्षा! महाराष्ट्रातल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये दाखवून दिलं होतं, की जात ही नुसती श्रमांची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे, आणि तीही वर-खाली उतरंड लावलेली. ओर्झामारमध्ये ते प्रत्यक्ष खेळून बघता येतं. कौशल्य सिद्ध झालं तरी माणूस जिथल्या तिथेच.

पुढे हेच पात्र मोठं होऊन शहरात परततं, तेव्हा गादीसाठी दोघं भांडत असतात. हॅरोमाँट हा सभ्य, शब्दाचा पक्का, परंपरा मानणारा. बेलेन हा कपटी, भावाच्या रक्तानं हात माखलेला. गेमच्या अखेरीस सांगितलं जातं, की सज्जन हॅरोमाँट राजा झाला तर जातीचे निर्बंध आणखी आवळतो आणि शहर बाहेरच्या जगाला बंद होतं. कपटी बेलेन राजा झाला तर हुकूमशाही करतो, पण जातिबाह्यांना हातात शस्त्र आणि थोडी मोकळीक देतो, बाहेरशी व्यापार वाढवतो. आता राजा तुम्ही ठरवायचा.

आणि इथे पाहा भूमिका काय करते. बाहेरून आलेल्या नायकासाठी हा राजकारणाचा प्रश्न आहे. राजघराण्यातलं पात्र असेल तर बेलेन हा त्याचा सख्खा भाऊ, ज्यानं थोरल्या भावाच्या खुनाचा आळ त्याच्यावर घालून त्याला हद्दपार करवलं. जातिबाह्य पात्र असेल तर बेलेनच्या मुलाची आई ही त्याची स्वतःची बहीण. पर्याय तेच दोन, पडद्यावरची अक्षरंही बहुतेक तीच, पण हाताला जाणवणारं वजन वेगळं. मुभा वाढली नाही, वजन वाढलं. कर्मठ समाजातल्या नायकाची क्षमता म्हणतात ती ही.

पण ओर्झामारच्या पात्रांचीही एक मर्यादा आहे. दोघांनाही गेम लवकरच शहराबाहेर काढतो. आत राहून, श्रद्धा ठेवून, तरीही विचार करणारं पात्र हवं असेल तर थोडं मागे जावं लागतं. १९९९ सालचा 'प्लेनस्केप : टॉर्मेंट'. त्यात डॅकॉन नावाचा एक वृद्ध योद्धा आहे. त्याच्याजवळ दगडाची वर्तुळाकार पोथी असते, एकात एक बसवलेल्या कड्यांची. एक कडं उलगडलं की त्यांच्या धर्मसंस्थापकाची एक कथा वाचायला मिळते. तो ती खेळाडूला शिकवायला घेतो आणि विचारतो, यातून तुला काय कळलं? बरोबर अर्थ लावला तर पुढचं कडं. काही वेळानं अशी पाळी येते, की शिष्य गुरूला न दिसलेला अर्थ दाखवतो. तेव्हा डॅकॉनची डळमळलेली श्रद्धा सावरते आणि त्याची तलवार, जी त्याच्या मनाप्रमाणे आकार घेते, तीही बदलते. पोथीतलं एक अक्षर बदललेलं नाही. बदलला तो अर्थ. आपल्याकडे एकाच ग्रंथावर भाष्यावर भाष्य लिहिणाऱ्यांची केवढी परंपरा आहे! त्यांना कोणी निर्बुद्ध म्हणेल का?

म्हणून दुसरी अट: नियमाचा अर्थ लावायची जागा गेममध्ये असली पाहिजे. 'पाळा' आणि 'मोडा' अशी दोनच बटणं दिली तर संस्कृतीचं नुसतं फाटक होतं.

तिसरी अट अलीकडच्या एका गेमवरून सांगते. २०२३ साली बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओचा 'बाल्डर्स गेट ३' आला. त्यात लेझेल ही गिथयांकी योद्धा आहे. या लोकांचे पूर्वज मनावर ताबा मिळवणाऱ्या राक्षसांचे गुलाम होते, बंड करून सुटले. त्यांची लष्करी शिस्त, राणीवरची अंधनिष्ठा, परक्यांविषयीचा तुच्छभाव, हे सगळं त्या गुलामीतून आलेलं आहे. हे महत्त्वाचं आहे. कर्मठपणाला कारण असतं. ते कारण दाखवलं की नियम मूर्खपणा वाटत नाही, भरलेल्या जखमेचा व्रण वाटतो.

लेझेलच्या डोक्यात त्याच राक्षसांची अळी शिरलेली आहे. नियम सांगतो, तळावर जा, शुद्धीकरण करून घे. तळावर गेल्यावर कळतं, की ते शुद्धीकरणाचं यंत्र प्राण घेतं. या गेमचं मोठेपण असं, की लेझेलला सोबती म्हणून ठेवता येतं आणि स्वतः लेझेल होऊनही सगळा खेळ खेळता येतो. सोबती असेल तर यंत्रावरून उठायला तुम्ही तिला समजावता. स्वतः लेझेल असाल तर त्या यंत्रापुढे तुम्हीच उभे. एका गेमनं दोन्ही खुर्च्या दिल्या, आणि आयर्न बुलच्या प्रसंगात जे नव्हतं ते इथे मिळालं.

तरी एक खोट राहते. पुढे राणी लबाड निघते, निष्ठावंतांना देऊ केलेलं मोक्षाचं आश्वासन हे फसवणूक ठरतं. मग काय, सोडणं सोपं झालं! देवच खोटा निघाला की भक्ताला विचार करावा लागत नाही. खरा पेच असतो तो परंपरा अर्धी खरी असते तेव्हा. तिनं तुम्हाला वाचवलंही आहे आणि चेपलंही आहे. तेव्हा तिसरी अट अशी, की राहणं आणि सोडणं, दोन्ही वाटा इमानानं चालता आल्या पाहिजेत आणि दोन्हींची किंमत खरी असली पाहिजे. एकच वाट शहाण्यांची ठरवून ठेवली, तर तो गेम राहत नाही, व्याख्यान होतं. व्याख्यान द्यायला आम्ही आहोत!

सी. थी न्गुयेन या तत्त्वज्ञानं २०२० साली खेळांवर एक पुस्तक लिहिलं. त्याचा विचार असा, की चित्र आपल्याला दृश्य देतं, कथा प्रसंग देते, तर खेळ आपल्याला काही काळ दुसऱ्या प्रकारचं कर्तेपण देतो. आपण दुसऱ्याची उद्दिष्टं आणि दुसऱ्याच्या मर्यादा अंगावर घेऊन वागून बघतो. हे मान्य केलं, तर माझ्यासारखाच विचार करणारा, माझ्याइतकाच मोकळा नायक खेळून मला नवं काय मिळालं? ज्याचं मन माझ्यापेक्षा वेगळ्या बांधणीचं आहे, त्याच्या आत शिरून एक कठीण निर्णय घ्यावा लागला, तर मात्र मिळालं.

तेव्हा आपल्या श्रोत्याला माझं उत्तर असं. तुझ्यासाठी उरतं ते पुष्कळ आहे. नियमाचा अर्थ लावणं उरतं. दोन नियम भिडले तर कोणता राखायचा, हे उरतं. आणि राखलेल्या किंवा मोडलेल्या नियमाची किंमत मोजणं उरतं. फक्त, गेम बनवणाऱ्यानं या तिन्हीसाठी जागा सोडलेली असली पाहिजे.

आता दोन प्रश्न घेऊ.

श्रोता : मॅडम, कर्मठ समाजातलं पात्र एवढ्या समजुतीनं खेळायला लावलं, तर आपण अन्यायाला सुंदर करून दाखवत नाही का?

हा धोका आहे, मान्य. म्हणून मी ओर्झामारचं उदाहरण मुद्दाम जातिबाह्याच्या बाजूनं सांगितलं. एखादी परंपरा आतून दाखवायची, तर तिच्यात वरच्या पायरीवरचाही असतो आणि तळाचाही. नुसता अभिमानी सरदार खेळायला दिला, तर ते गौरवगीत होईल. ओठ शिवलेल्या जादूगाराच्या जागेवरूनही बघायला मिळालं पाहिजे. समजून घेणं म्हणजे माफ करणं नव्हे. उलट, आतून समजलं की नेमकं कुठे दुखतं ते कळतं. आणि एक विसरू नका. आपण जातिबाह्य पात्र दोन तास खेळतो आणि स्क्रीन बंद करून जेवायला उठतो. ज्याला उठता येत नाही, त्याचं जगणं आपल्याला या खेळातून कळलं असं कोणी म्हणू नये. जी कळते ती त्याच्या निर्णयाची अडचण. तेवढं कळलं तरी पुढच्या वेळी आपण त्याच्या वतीनं बोलण्याआधी त्याला विचारू.

श्रोती : माझा मुलगा असे गेम तासन्‌तास खेळतो. त्यानं काय बघावं असं तुम्ही सांगाल?

तासन्‌तास हा वेगळा विषय आहे, तो तुमचा तुम्ही घरी मिटवा! पण एक करून बघा. त्याच्या शेजारी बसा, आणि त्याच्या पात्रानं एखादा पर्याय निवडला की विचारा, "हे तू निवडलंस की त्यानं?" सुरुवातीला तो वैतागेल. नंतर थांबून विचार करायला लागेल. भूमिका तिथून सुरू होते.

पुढच्या वेळी आपण सार्त्रकडे वळू. त्याचं म्हणणं आजच्या विषयाच्या बरोबर उलट आहे. तो म्हणेल, कामालाच स्वतःची ओळख मानणारा स्टेन स्वतःला फसवतोय. त्याला काय उत्तर देता येईल, याचा विचार करून या.